पाळकसाहेबांचा आतेभाऊ

"बाई, हे तुम्हीच वाचा," असं म्हणत भास्करराव त्रिभुवनांनी बिशपसाहेबांच्या ऑफिसातून आलेलं परिपत्रक टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "चिटणीस तुम्ही आहात."

एरवी मला चिटणीस म्हणणं या माणसाच्या जिवावर यायचं. मंडळीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, कमिटीवर मी एकटी बाई, त्यातून शाळेतली निवृत्त मास्तरीण. 'दुशिंगबाई, जरा लिहून घ्या' यापलीकडे माझं पद कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते एकदम आठवलं, तेव्हाच मी समजले की कागदात काहीतरी चावणारं आहे.

नाताळाआधीचा रविवार होता. उपासना संपलेली, आणि आम्ही सगळे वेस्ट्रीत, म्हणजे देवळाच्या मागच्या त्या अंधाऱ्या खोलीत, टेबलाभोवती बसलेलो. मी चष्मा लावला आणि वाचलं. परदेशातल्या भगिनी-मंडळ्यांत, म्हणजे आपल्याच पंथाच्या तिकडच्या देवळांत, मोठा वाद चालू होता, तो आता आपल्याही महासभेपुढे येणार होता. तरी प्रत्येक मंडळीने आपलं मत कळवावं. समलिंगी जोडीदारासोबत संसार करणारी व्यक्ती पाळक म्हणून सेवा करू शकते काय? 'होय' किंवा 'नाही'. सोबत सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या.

वाचून झालं. कोणी पाळकसाहेबांकडे बघितलं नाही, आणि खिडकीबाहेर तर मुळीच बघितलं नाही. कारण खिडकीबाहेर अंगणापलीकडे पाळकांची बंगली होती, आणि तिच्या पडवीत यशवंतमामा नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे पंख दोरीवर वाळत घालत होते.

आता हे मामा कोण, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी रेव्हरंड मनोहर अमोलिक आमच्याकडे बदलून आले, तेव्हा टेम्पोतून एक लोखंडी कपाट, पुस्तकांची खोकी आणि एक शिलाई मशीन उतरलं. मशीनच्या मागून एक उंच, सावळा माणूस उतरला. आम्ही सगळे स्वागताला हार घेऊन उभे. पाळकसाहेब म्हणाले, "हा यशवंत." बस, एवढंच. पुढे त्यांनी कधी काही जोडलं नाही. जोडलं ते आम्ही. त्रिभुवनांच्या घरी यशवंत हा पाळकसाहेबांचा आतेभाऊ झाला. निकाळज्यांकडे मावसभाऊ. मुलांनी मामा म्हणायला सुरुवात केली आणि तो प्रश्न कायमचा मिटला. कोणाचे मामा, हे विचारायची कोणालाच गरज वाटली नाही, कारण मामांचा उपयोग फार होता.

मंडळीच्या नियमाप्रमाणे महिला मंडळाची अध्यक्ष म्हणजे पाळकांची बायको. आमच्याकडे पाळकीणबाई नव्हत्या, म्हणून अध्यक्षांची खुर्ची नऊ वर्षं रिकामी, आणि त्या खुर्चीचं सगळं काम मामांकडे. प्रभुभोजनाची भाकर तेच भाजायचे. वेदीवरचे कपडे तेच धुवायचे, इस्त्री करायचे. त्रिभुवनांच्या थोरलीचा लग्नाचा पांढरा झगा त्यांनीच शिवला, तोही असा की नवऱ्याकडच्या बायका झालरीला हात लावलावून बघत होत्या. निकाळज्यांचे वडील अर्धांगानं पडून होते, त्यांची दाढी दर शनिवारी मामाच करायचे. खरातदादांची बायको गेली त्या दिवसापासून दादा संध्याकाळी बंगलीतच जेवायला. माझे यजमान शेवटच्या आजारात कोणाच्याही हातून पाणी घेईनात, मामांच्या हातून घेत. मला त्या माणसाबद्दल काय वाटत होतं ते मी इथे सरळच सांगते. माझा त्याच्यावर जीव होता.

तर परत वेस्ट्रीत. पहिलं तोंड उघडलं ते निकाळज्यांनी. प्रभाकर निकाळजे, आमचे खजिनदार, मांडव-डेकोरेशनचा धंदा. "हे सगळं तिकडचं फॅड आहे," ते म्हणाले. "थंड हवा, रिकामा वेळ. आपल्याकडे असलं काही नसतं."

"नसतंच," त्रिभुवन म्हणाले.

"वचनात स्पष्ट आहे," सॅमसन म्हणाला. सॅमसन पंडित आमचा तरुण सभासद, एमआयडीसीत इंजिनियर. मोबाइलवर परदेशी प्रवचनं ऐकून ऐकून त्याच्या मानेला एक ताठा आला होता. त्याने वचनं सांगायला सुरुवात केली. अध्यायही सांगितले, मूळ भाषेतले अर्थही सांगितले. निकाळजे जांभई आवरत माना डोलावत होते. खरातदादा, ऐंशीच्या घरातले, मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते पूर्वी, ते डोळे मिटून बसले होते. झोपले की प्रार्थना करतायत, हे दादांच्या बाबतीत कधीच सांगता यायचं नाही.

"थोडक्यात, नाही," त्रिभुवनांनी समारोप केला. "एकमताने नाही. बाई, लिहा."

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि मामा चहाचा ट्रे घेऊन आत आले.

काय सांगू, कमिटीच्या तोंडचं पाणीच पळालं. सॅमसन मूळ भाषेच्या अधेमधेच थांबला. निकाळजे एकदम म्हणाले, "वा, आलं घातलंय वाटतं." त्रिभुवन म्हणाले, "थंडीत आलं पाहिजेच." मामा प्रत्येकापुढे कप ठेवत गेले. दादांच्या कपात साखर नव्हती, मधुमेहामुळे, ते कोणाला सांगावं लागत नसे. मामा गेले. दार लागलं. मग सगळ्यांनी घोट घेतला आणि पुन्हा तत्त्वाकडे वळले.

"तर मग एकमताने," त्रिभुवन म्हणाले.

"थांबा," पाळकसाहेब म्हणाले. अध्यक्ष तेच होते, आणि तोवर एक शब्द बोलले नव्हते. "या विषयाला मी अध्यक्षस्थानी बसू शकत नाही. भास्करराव, तुम्ही बसा."

"का बरं साहेब?"

"ठराव माझ्याबद्दल आहे."

त्रिभुवन हसले. ते कसनुसं हसू मला अजून दिसतं. "साहेब, तुमचा काय संबंध? हे परदेशातलं आहे."

"भास्करराव, यशवंत माझा आतेभाऊ नाही."

"मावसभाऊ," निकाळज्यांनी पटकन दुरुस्ती केली. "मी मागेच सांगत होतो यांना."

"मावसभाऊही नाही."

"लांबचा असेल," त्रिभुवन जवळजवळ विनवणी करत म्हणाले. "आईकडून वगैरे. आपल्या लोकांत लांबची नाती लक्षात राहत नाहीत साहेब. आमच्याच घरात बघा."

"तो माझा कोणताच भाऊ नाही. वीस वर्षं आम्ही एका घरात आहोत. तुम्हाला हे माहीत आहे, आणि मला माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, तुम्ही दमलाय," त्रिभुवन म्हणाले. "चहा घ्या."

मला हसू येत होतं. हे लोक वाईट नव्हते. त्यांना पाळकसाहेबही हवे होते आणि 'नाही'ही हवं होतं, आणि दोन्ही एकाच कपाटात नांदवायची त्यांची तयारी होती. फक्त पाळकसाहेबांनी गप्प राहायचं, एवढीच अट.

"मी खोट्या उत्तरावर सही करणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "होय म्हणा, मी राहतो. नाही म्हणा, नाताळची उपासना घेतो आणि आम्ही दोघं बंगली सोडतो. तुमचा राग धरणार नाही. पण 'आमच्याकडे असलं काही नसतं' असं लिहू नका." एवढं बोलून ते अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठले आणि भिंतीशी बाकावर जाऊन बसले.

त्रिभुवन अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेलेला माणूस. नियमावलीचं पुस्तक त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असायचं, आणि घाबरले की ते त्यात आसरा शोधायचे. "ठीक आहे," ते म्हणाले. "नियमाने जाऊ. 'नाही' या ठरावाला सूचक कोण?"

कोणी नाही.

"निकाळजे?"

"मी खजिनदार," निकाळजे म्हणाले. "खजिनदाराने धोरणात पडू नये." त्यांच्या वडिलांची कालच दाढी झाली होती.

"सॅमसन, तू एवढी वचनं सांगितलीस."

"मी मांडणी केली अंकल. सूचक ज्येष्ठांपैकी असलेला बरा." बारावीला असताना सॅमसन नाताळच्या नाटकात ताऱ्यामागून येणारा मागी राजा झाला होता, आणि त्याचा तो जरीचा झगा मामांनी रात्र रात्र बसून शिवलेला. ते त्याला तेव्हा आठवलं असावं, कारण तो उगाच बाही चाचपत होता.

"दादा?"

खरातदादांनी डोळे उघडले. "ते गेले तर माझ्या संध्याकाळच्या जेवणाचं काय?"

"दादा, विषय तत्त्वाचा आहे."

"असेल," दादा म्हणाले. "पण भाजी कोण करणार?"

"मग तुम्हीच व्हा सूचक," मी त्रिभुवनांना म्हटलं.

"अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही," असं म्हणताना त्यांनी सुटकेचा असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

आणि मग माझा संताप झाला. चार माणसांना 'नाही' पाहिजे आणि एकालाही आपलं नाव खाली नको. मी म्हटलं, "मी सूचना मांडते. मंडळीचं उत्तर 'होय'. सूचक, रूथ दुशिंग. लिहिलं बघा मी."

त्रिभुवनांनी पुस्तक चाळलं. "अनुमोदक?"

सॅमसनने छताकडे बघितलं. निकाळज्यांनी कपाच्या तळाची साय बोटानं काढली. पाळकसाहेबांना या ठरावावर बोलायचा अधिकारच नव्हता. मी दादांकडे बघितलं, पण त्यांचे डोळे पुन्हा मिटले होते.

"अनुमोदक नाही," त्रिभुवन म्हणाले. "नियमाप्रमाणे ठराव सभा संपेपर्यंत टेबलावर राहील. तोवर कोणी अनुमोदन दिलं नाही तर बाद." ते नियम सांगताना त्यांना बरं वाटत होतं, रंग परत येत होता चेहऱ्यावर.

कप न्यायला मामा आले होते. ते किती वेळ दारात उभे होते कोण जाणे. ट्रे त्यांनी खाली ठेवला.

"माझं नाव लिहा," ते म्हणाले. "'नाही'च्या खाली. सूचक म्हणून."

"यशवंत," पाळकसाहेब उठले. "आत जा."

"नऊ वर्षं आतच आहे." मामांचा आवाज चढला नाही. "भास्करराव, मी जातो. माझ्या बहिणीचं घर आहे सोलापूरला, मशीन तिथेही चालेल. साहेब एकटे राहिले तर तुमची अडचण नाही ना? मग लिहा. यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेवर पाणी पडायला नको."

पाळकसाहेब पुन्हा बाकावर बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मोठ्या माणसाला तसं बसलेलं मी पाहिलं नव्हतं आणि मला ते पाहवेना.

कमिटीवर मात्र काय प्रकाश पसरला म्हणून सांगू. ज्याच्याविरुद्ध ठराव तोच सूचक, कोणी बोट दाखवायला नको, कोणाशी वैर नको. निकाळजे म्हणाले, "मामा, तुमचं मन फार मोठं." सॅमसन म्हणाला, "ही खरी ख्रिस्ती वृत्ती." आणि त्याने अनुमोदनासाठी पेनसुद्धा काढलं खिशातून. दुसऱ्याच्या मागे उभं राहायला तो तयार होता.

"एक अडचण आहे," त्रिभुवन म्हणाले. पुस्तकात बोट. "सूचक कमिटीचा सभासद लागतो. मामा सभासद नाहीत."

सगळे हिरमुसले. नऊ वर्षांत मामांना कमिटीवर घ्यावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घेतलं असतं तर चहा कोणी आणला असता?

त्रिभुवनांनी पानं उलटली आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. "कलम सापडलं. कमिटीला एक स्वीकृत सभासद घेता येतो. जागा रिकामीच आहे. सूचक?"

"मी," निकाळजे म्हणाले. क्षणाचा विलंब नाही.

"अनुमोदक?"

"मी," सॅमसन म्हणाला.

"सर्वानुमते," त्रिभुवन म्हणाले, आणि टाळ्यासुद्धा वाजल्या हो. घरातून घालवायचं म्हणून माणसाला मानानं आत घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. निकाळज्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. मामा त्या टेबलाशी पहिल्यांदा बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले.

"आता मामा, तुमचा ठराव," त्रिभुवन म्हणाले.

"अध्यक्षमहाराज," मी म्हटलं. शाळेत वर्ग गप्प करायचा तो आवाज मी बऱ्याच वर्षांनी काढला. "एक ठराव आधीच टेबलावर आहे. माझा. तो निकाली निघाल्याशिवाय त्याच विषयावरचा दुसरा घेता येईल का? पुस्तकात बघा."

त्रिभुवनांना बघायची गरज नव्हती. पुस्तक त्यांना पाठ होतं. खोटं बोलायचं म्हटलं तरी नियमाच्या बाबतीत त्या माणसाला ते जमलं नसतं, हे त्यांचं एक मोठेपण. "नाही," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "क्रमाने घ्यावे लागतात. दुशिंगबाईंच्या ठरावाला... अनुमोदक?"

मी मामांकडे वळले. "मामा, आता तुम्ही सभासद आहात."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे, बाकावर बसलेल्या पाळकसाहेबांकडे. त्यांनी हात चेहऱ्यावरून काढले होते. वीस वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं, त्यांना काय बोलावं लागतं?

"बाई," मामांनी हळूच विचारलं, "अनुमोदकानं काय करायचं असतं?"

"काही नाही. मी जे म्हटलं त्यावर 'मीही' म्हणायचं."

मामांनी मांडीवरचे हात वर काढले आणि टेबलावर ठेवले.

"मीही," ते म्हणाले.

त्रिभुवनांनी कपाळ पुसलं. डिसेंबरातला गारवा, आणि हे पुसतायत. "मतदान," ते म्हणाले. "ठरावाच्या बाजूने?"

मी हात वर केला. मामांनी केला. आणि डोळे मिटलेल्या खरातदादांचा हात सावकाश वर आला. "मी जागा आहे," दादा म्हणाले.

"विरुद्ध?"

सॅमसनचा हात टेबलावरून उचलला गेला. समोर मामा बसलेले. मामांनी त्याच्याकडे रागानं बघितलं असतं तर सोपं होतं. त्यांनी नेहमीसारखंच बघितलं, झग्याची उंची बरोबर आहे ना असं बघावं तसं. सॅमसनचा हात अर्ध्यावरून केसांकडे गेला आणि तिथेच खाजवत राहिला.

"तटस्थ," तो म्हणाला.

"मीपण तटस्थ," निकाळजे म्हणाले. "खजिनदार नेहमी तटस्थच असतो."

अशा रीतीने आमच्या मंडळीने, जिला 'होय' नको होतं, एकही विरोधी मत न पडता 'होय' पाठवलं. मी ठराव लिहिला, सही केली. माझ्याखाली मामांनी सही केली. त्रिभुवनांनी अध्यक्ष म्हणून सही करताना पेन तीनदा झटकलं. समारोपाची प्रार्थना कोणी करायची यावर थोडा घोळ झाला, शेवटी दादांनीच केली, आणि त्यात संध्याकाळच्या जेवणाबद्दल आगाऊ आभारही मानले.

पुढे आठवड्याभरात बिशपसाहेबांच्या ऑफिसातून फोन आला. बाकी सगळ्या मंडळ्यांनी 'आमच्याकडे प्रश्न उद्भवत नाही' असं लिहिलं होतं म्हणे. तुमचं उत्तर चुकून आलंय का? फोन त्रिभुवनांनी घेतला. मी समोरच होते. मला वाटलं, आता हा माणूस लोळण घेणार. त्रिभुवन ताठ उभे राहून म्हणाले, "चुकून कसं येईल साहेब? सूचक आहे, अनुमोदक आहे. ठराव नियमाप्रमाणे झालाय. नियमात खोट काढून दाखवा, मी राजीनामा देतो." खोट काढायला कोणी आलं नाही. महासभेने तो विषय पुढच्या सभेवर ढकलला, पुढच्या सभेने त्याच्या पुढच्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अजून ढकलला जातोय. दोनतीन घरं रागावून दुसऱ्या देवळात गेली. त्यांतली दोन मामांच्या नाताळच्या करंज्यांसाठी परत आली.

मामा कमिटीवर राहिले. स्वीकृत सभासद काढून टाकायचं कलम पुस्तकात नव्हतं. ते सभेला बसू लागल्यावर चहाची पाळी सगळ्यांवर आली, आणि निकाळज्यांचा चहा, देवा रे, तो काही चहा नव्हता.

पाळकसाहेब निवृत्तीनंतरही इथेच राहिले, बाजारपेठेमागे दोन खोल्या घेऊन. चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले. दफनाच्या उपासनेत माणसाचा अल्पपरिचय वाचायचा आपल्याकडे रिवाज आहे. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, सेवा, आणि शेवटी मागे कोण कोण. वाचायला त्रिभुवन उभे राहिले. आता तेही थकले होते. पाहुणे बरेच होते, बिशपसाहेबांच्या ऑफिसातलेही दोघे पुढच्या रांगेत. देऊळ भरलेलं.

"त्यांच्या मागे," त्रिभुवनांनी वाचलं, आणि थांबले.

माझ्या मागच्या बाकावरून निकाळजे कुजबुजले, "आतेभाऊ म्हणा म्हणावं. पाहुण्यांत शोभेल."

त्रिभुवनांनी चष्मा काढला. कागद घडी करून कोटाच्या खिशात, त्या पुस्तकाशेजारी ठेवला. शवपेटीजवळ मामा एकटे बसले होते, पाळकसाहेबांचा इस्त्री केलेला झगा मांडीवर घेऊन. त्रिभुवनांनी त्यांच्याकडे बघितलं.

"त्यांच्या मागे यशवंत आहे," ते म्हणाले, आणि पुढे काही न जोडता खाली बसले.